सुरळीच्या वड्यांमागची धून

आमचे घरमालक रोज दिवेलागणीला दारात उभे राहून एकच प्रश्न विचारायचे, “सगळे आले का?”

घरात माणसं मोजून तीन. ते, काकू आणि समोरच्या खोलीत भाड्यानं राहणारी मी. काकू स्वयंपाकघरात दिसत असायच्या, मी खिडकीत उभी असायची. तरी विचारायचे. दोघींनी तोंडानं “आले” म्हटल्याशिवाय कडी लावायचे नाहीत. एकदा मी थट्टेनं गप्प राहिले, तर त्यांचा चेहरा असा काही उतरला की पुन्हा ती थट्टा केली नाही.

मी मोहोळची. वीस वर्षांची असताना सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले आणि भवानी पेठेतली त्यांची खोली घेतली. आई सोबत आली होती. तिनं काकांना बघितलं, काकूंच्या हातचा चहा घेतला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “हितंच राहा. हा माणूस माझ्यापेक्षा जास्त काळजी करील तुझी.”

केली. माझी एक्स्चेंजमधली पाळी संपायच्या वेळी ते कोपऱ्यावर छत्री घेऊन उभे असायचे. उन्हाळ्यातही छत्री. घरी कुणी पाहुणा आला की त्याला सोडायला एसटी स्टँडवर जायचे, गाडी वळणाआड गेल्यावरही हलायचे नाहीत, आणि मग कंट्रोलरला विचारायचे, “मोहोळपर्यंत गेली असंल का हो नीट?” पोस्टमन आला की आधीच हात पुढं करून म्हणायचे, “वाईट असंल तर आधी सांगा, मग चहा घेऊ.” पोस्टमन बिचारा आलेलं पत्र वाचत थोडाच असतो! पण चहासाठी तोही म्हणायचा, “काही वाईट नाही, काका.”

ते मिलमधून टाइमकीपर म्हणून निवृत्त झाले होते. गेटवर बसून कोण किती उशिरा आला ते तीस वर्षं लिहिलेलं. बोलणं हळू. आमच्या पेठेत सकाळपासून मागांची खटखट चालायची, शेजारची तेलुगू बायामाणसं त्यावर आवाज चढवून बोलायची, आणि काकांचं बोलणं ऐकायला मात्र जवळ सरकावं लागायचं. कान मात्र विलक्षण. जेवायला बसले की आमटीची वाटी नखानं टिचकी मारून बघायचे. “आज दोन घोट जास्त वाढलीस. खाली गेली वाटी.” काकू शांतपणे म्हणायच्या, “मग प्या दोन घोट, येईल वर.” हा काय प्रकार आहे ते मला बरेच महिने कळलं नव्हतं.

कळलं ते टीव्हीमुळं. त्या वर्षांत सोलापुरात टीव्ही नव्हता. काकांची लेक पुण्यात दिली होती आणि तिच्या शेजाऱ्यांकडं होता. काका-काकू लेकीला भेटायला गेले असताना एका संध्याकाळी सगळी चाळ त्या शेजाऱ्यांच्या खोलीत बसली होती. पडद्यावर एक बाई सुरळीच्या वड्या करून दाखवत होत्या. पुढचं काकूंनी सांगितलं तसं सांगते.

“बेसन शिजलं, बाईंनी ताट पालथं घेतलं आणि पीठ पसरायला लागल्या. आता पसरताना काय बोलणार? तर मागं जलतरंग लावलेलं. हे आपले मागं भिंतीला टेकून पेंगत होते. ताडकन उठले की! म्हणाले, आवाज वाढवा. बायका वही-पेन घेऊन बसलेल्या, त्यांना वाटलं म्हाताऱ्याला पीठ किती घ्यायचं ते ऐकायचंय. तेवढ्यात त्या पडद्यातल्या बाई बोलायला लागल्या, तर हे त्यांना म्हणतात, गप बसा हो जरा! मी लाजून मेले.”

दुसऱ्याच दिवशी दोघं परत आली. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. जुन्या गोधडीत एकेक गुंडाळलेले चिनी मातीचे प्याले निघाले, मोठ्यापासून लहानापर्यंत. जमिनीवर अर्धगोल मांडून त्यांनी चमच्या-चमच्यानं पाणी घातलं. तासभर पाणी घालणं आणि काढणं चाललं होतं. मग दोन बारीक काड्या हातात घेतल्या, एका प्याल्यावर एकदाच टोला दिला आणि काड्या खाली ठेवल्या.

मी दारात उभी होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, “पोरी, तू तारेवर मुंबईला बोलतीस की. मला एक माणूस शोधायचाय.”

माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, दत्तू. वडील दोघा भावांना जलतरंग शिकवून गेले आणि स्वतः बांधलेली एक धून मागं ठेवून गेले. तिला नावही नव्हतं. लग्नाकार्यात, गणपतीत दोघं ती वाजवायचे. त्या धुनेत एका जागी सूर वरून झरझर उतरत येतात. तिथं शेवटून दुसऱ्या प्याल्यावर दोघांचे टोले पुढंमागं पडायचे, आणि उशिराचा टोला दत्तूचा, असं काकांचं म्हणणं. अगदी डोळ्याची पापणी लवावी इतका उशीर. पण टाइमकीपरला तो खपत नव्हता. भर कार्यक्रमात काका त्याच्याकडं डोळे वटारून बघायचे.

वीस वर्षांपूर्वी दोघांना पुण्याच्या रेडिओवर बोलावणं आलं. तीच धून दोघांनी वेगवेगळी वाजवली, आधी थोरल्यानं, मग धाकट्यानं. परतीच्या गाडीत काका म्हणाले, “परत तितंच चुकला असशील. बापाची धून नासवलीस.” दत्तूनं पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं. “दादा, उशीर माझा न्हाई, तुमचा हुतोय. मी आज स्टुडिओच्या काचेआडनं ऐकला.” काकांनी त्याला सगळ्या डब्यासमोर नको ते सुनावलं. कुर्डुवाडीला गाडी थांबली, दत्तू उतरला. काकांना वाटलं, रागानं दुसऱ्या डब्यात बसला असेल. सोलापूरला सगळी गाडी रिकामी झाली तरी दत्तू दिसला नाही. तेव्हापासून नाही.

“आन् आता टीव्हीत तो उशिरा वाजला,” काका म्हणाले. “तोच प्याला. तेवढाच उशीर. दुसऱ्या कुणाचा हात न्हाई तो. मुंबईला आसंल. जिवंत आसंल.”

मग थोड्या वेळानं, “का जुनी टेप आसंल? आन् माणूस नसंल?”

या दोन वाक्यांच्या मध्ये आम्ही पुढचे तीन महिने काढले.

काकांनी मुंबईच्या टीव्ही केंद्राला पत्रं लिहिली. उत्तर नाही. तो कार्यक्रम पंधरा दिवसांनी लागायचा. दर वेळी ते पॅसेंजरनं पुण्याला जायचे, त्या शेजाऱ्यांच्या खोलीत बायकांमध्ये बसायचे. धून कधी लागायची, कधी नाही. रिकाम्या हातानं बसणं बरं दिसत नाही म्हणून वही न्यायचे आणि पाककृती उतरवून आणायचे. काकूंनी ती वही मला दाखवली होती. ‘कोबीची भानोली’ असं शीर्षक, खाली साहित्य, कृती, आणि समासात लिहिलेलं: ‘लागली. तोच हात.’

“अहो, तितं जाऊन भानोली शिकलात,” काकू म्हणायच्या, “आन् हितं स्वतःचा चहा करता येईना.” पण त्या रोज संध्याकाळी देवापुढं जरा जास्त वेळ बसायला लागल्या होत्या, ते मला दिसत होतं.

माझीही झोप उडाली होती. मुंबईच्या एक्स्चेंजमधली एक ऑपरेटर माझी मैत्रीण होती, चेहरा न बघितलेली, नुसत्या आवाजाची. एका दुपारी लाइन मोकळी होती. नोंद न करता मी तिला सांगून टीव्ही केंद्रात जोडून घेतलं. टेपांचं कपाट सांभाळणारे एक गृहस्थ लाइनवर आले. सगळं ऐकून म्हणाले, “बाई, वड्या का फाटल्या ते विचारायला लोक पत्रं लिहितात. मागं काय वाजतं ते विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. रेडिओकडून आलेल्या जुन्या टेपा आहेत त्या. आठवड्यानं सांगतो.”

तेवढ्यात लाइनवर ‘कट्’ असा आवाज झाला. सुपरवायझरबाई ऐकत होत्या.

मला मेमो मिळाला. नोकरी अजून पक्की नव्हती. घरी येऊन मी काकूंच्या कुशीत रडले. दुसऱ्या दिवशी पाळीवर गेले तर काका एक्स्चेंजच्या फाटकाबाहेर कोट घालून उभे. दुपार झाली तरी उभेच. शेवटी सुपरवायझरबाई बाहेर आल्या. काका हात जोडून म्हणाले, “चूक पोरीची न्हाई, बाई. माझी हाय. मेमोवर माझं नाव घाला.” बाईंना हसू आवरेना. मेमो माझ्या फायलीत राहिला, पण पुढं कुणी तो काढला नाही.

आठवड्यानं मी रीतसर कॉल बुक केला. ते गृहस्थ म्हणाले, “टेपांचे दोन डबे आहेत. दोन्ही सोलापूरचे, एकाच आडनावाचे. ओळख पटवायला येता का?”

काकांनी हे ऐकलं आणि म्हणाले, “नको जायला.” मग म्हणाले, “उद्याच जाऊ.” मग पुन्हा, “नको.” काकूंनी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधली तेव्हा तो विषय संपला.

आम्ही तिघं मुंबईला गेलो. टीव्ही केंद्रातली टेपांची खोली गार हवेची होती. काका कोटातही कुडकुडत होते. गृहस्थांनी पहिली टेप चढवली. “आम्ही कार्यक्रमात लावतो ती ही.”

धून सुरू झाली. मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. पाण्यावरून कुणी पळत जावं तशी. सूर वरून उतरत आले आणि शेवटून दुसरा प्याला जरासा थांबून वाजला.

“दत्तू,” काका म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “हा दत्तूच, साहेब. नाव वाचा.”

गृहस्थांनी डबा उजेडात धरून नाव वाचलं. ते काकांचं नाव होतं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका म्हणाले, “डबे बदललेत.”

“डबा बदलू शकतो,” ते गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, “पण टेपच्या तोंडाशी बोलणं असतं. आम्ही लावताना ते गाळतो.” त्यांनी टेप मागं नेली. एका परक्या आवाजानं वाद्याचं नाव आणि कलाकाराचं नाव सांगितलं. मग दुसरा आवाज आला, ठणठणीत, जरा तोऱ्यातला: “वाजवू का, साहेब?”

“हे तुमीच,” काकू म्हणाल्या.

मी त्या आवाजाकडं बघतच राहिले, म्हणजे त्या फिरणाऱ्या चकतीकडं. काकांच्या गळ्यात असा बेफिकीर आवाज कधी काळी होता, हे मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

दुसरी टेप लागली. दत्तूचं नाव. मग एक कोवळा, अडखळता आवाज: “साहेब, आमच्या दादांना आत बसू द्या की. ते बाहेर एकटेच हायत.” कुणीतरी काहीतरी म्हणालं, दार लागल्याचा आवाज झाला, आणि धून सुरू झाली. काकांचं बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. सूर उतरत आले. प्याला वाजून गेला, स्वच्छ, जागच्या जागी; आणि त्यानंतर काकांचं बोट गुडघ्यावर पडलं. त्यांनी ते बोट उचलून असं बघितलं, जसं ते दुसऱ्या कुणाचं असावं.

टेप संपली. गृहस्थांनी दुसऱ्या डब्याच्या तळातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. दत्तूनं ते पुढं दोन वर्षांनी रेडिओला लिहिलेलं होतं. ‘माझ्या थोरल्या बंधूंचे वादन कधी लागणार ते कळवावे. कळल्यास त्या वेळेस आमच्या कँटीनचा रेडिओ लावून ठेवता येईल.’ खाली पत्ता होता. श्रीपूर, साखर कारखाना, कँटीन.

श्रीपूर! सोलापूरपासून एसटीनं अर्ध्या दिवसाची वाट. कुणी नेपाळ सांगितलं असतं तरी काकांनी मानलं असतं; इतकं जवळ नाही.

परत आल्यावर वाटलं होतं, ते लगेच निघतील. पंधरा दिवस निघाले नाहीत. कार्ड खूप जुनं आहे, म्हणायचे. तिथं कोण कशाला राहील? आणि राहिला असेल तर आपण काय तोंडानं जायचं? जेवण सुटलं. अखेर काकू म्हणाल्या, “तुमी जाताय का मी जाऊ?” मुंबईहून आल्यापासून त्यांचे गुडघे इतके दुखायचे की कोपऱ्यावरच्या दुकानात जाणं होत नव्हतं. काका रविवारी निघाले. सुट्टी होती म्हणून सोबत मी.

गाडी बदलून श्रीपूरला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. गाळपाचा सीझन ऐन भरात होता. उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली, हवेला मळीचा उग्र वास. एसटीत सगळा रस्ता काका ओठातल्या ओठात काही पुटपुटत होते. मी कान दिला तर एकच वाक्य: “चूक माझी होती. चूक माझी होती.”

कँटीनच्या दारातूनच तो दिसला. मोठ्या पातेल्यातला चहा ढवळत होता. केस पांढरे झालेले, बनियनवर टॉवेल टाकलेला. त्यानं सहज वर बघितलं आणि त्याचा हात थांबला.

“दादा.”

काकांनी पाठ केलेलं सगळं एका दमात म्हटलं. “चूक माझी होती, दत्तू. मी ऐकल्या. दोन्ही टेपा ऐकल्या. तुझी बरोबर होती. उशीर माझाच होता.”

दत्तू टॉवेलला हात पुसत राहिला. “ती धून व्हय,” तो म्हणाला. “ऱ्हाऊ द्या ती. बसा. या ताई कोण?”

आम्ही बाकावर बसलो. त्यानं आमच्यापुढं चहाचे पेले ठेवले. काका पुन्हा तेच सांगायला लागले, प्याला कुठला, उशीर किती. दत्तूनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मी त्यापायी न्हाई गेलो, दादा. राग आला हुता, पाणी प्यायला उतरलो. गाडी सुटली.”

“मग मागच्या गाडीनं यायचं की रे.”

“येणारच हुतो. मग मनात आलं, दादा न्यायला येतील. येऊ द्या, मग जाऊ.” तो जरा हसला. “तीन दिस बसलो फलाटावर. सोलापूरकडनं गाडी आली की उठून हुबा ऱ्हायचो. चौथ्या दिशी एकानं हिकडं कामाला आणलं.”

काकांचा पेला हातातच राहिला.

“मी दारात बसलो हुतो,” ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की दत्तूला वाकावं लागलं. “तू येशील म्हणून.”

“मला काय ठाव,” दत्तू म्हणाला.

बाहेर भोंगा झाला. कामगारांचा लोंढा चहाला आला आणि दत्तू उठून पातेल्याकडं गेला. तासभर त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. काका त्या गर्दीत बाकाच्या टोकाला बसून त्याच्याकडं बघत होते. गर्दी ओसरल्यावर त्यानं घरी नेलं, बायकोला पाया पडायला लावलं. दोन मुली लग्न होऊन गेल्या होत्या. सोलापूरला चल, असं काकांनी म्हटलं तेव्हा म्हणाला, “सीझन हाय. पट्टा पडून गाळप थांबलं की बघू.” काकांनी आग्रह केला नाही. करायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं असावं.

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. मोहोळ आलं तेव्हा एवढंच म्हणाले, “कुर्डुवाडी काय लांब हुती गं?”

पुढचे अडीच महिने मी त्यांच्या तोंडून टीव्ही, जलतरंग, धून यातला एक शब्द ऐकला नाही. पुण्याच्या फेऱ्या थांबल्या. फक्त पोस्टमनच्या वेळी दारात उभे राहायचे आणि त्याला काही विचारायचे नाहीत. काकू म्हणायच्या, “येईल हो.” ते मान हलवायचे. गाळप संपल्याच्या बातम्या यायला लागल्या आणि त्यांचं दारातलं उभं राहणं लांबत गेलं.

एका शुक्रवारी कार्ड आलं. काकांनी ते माझ्यापुढं धरलं आणि मी वाचलं. ‘सीझन संपला. रविवारी दुपारच्या गाडीने येत आहे. स्टँडवर कोणी येण्याची गरज नाही.’

काकांनी ते माझ्या हातून घेतलं, पुन्हा स्वतः वाचलं, आणि शनिवारी पहाटेच्या पहिल्या एसटीनं श्रीपूरला निघून गेले.